वाचायला शिकवणारे शिक्षक कसे घडवावेत: सोलापूरच्या अध्यापक विद्यालयांसाठी सविस्तर मार्गदर्शन

डी.एल.एड. म्हणजे प्राथमिक शिक्षकांच्या पदविकेच्या दुसऱ्या वर्षातल्या कुठल्याही छात्राध्यापिकेला वाचनाचे घटक विचारा, ती घडाघडा सांगेल: ध्वनिजाणीव, अक्षर-ध्वनी संबंध, ओघ, शब्दसंपत्ती, आकलन. मग तिला दुसरीतल्या एका मुलाशेजारी बसवा. मूल 'संध्याकाळी' हा शब्द 'सकाळी' असा वाचून पुढे जातं. आता तिने काय करायचं? बहुतेक जणी बरोबर शब्द सांगून मोकळ्या होतात. मूल तो त्यांच्यामागून म्हणतं आणि दुसऱ्या दिवशी तिथेच पुन्हा अडखळतं.

त्या क्षणासाठी तयारी कशी करून घ्यायची, ते इथे पायरीपायरीने मांडलं आहे. अध्यापक विद्यालयात मराठी शिकवणारे प्राध्यापक, आंतरवासितेतल्या, म्हणजे शाळेत प्रत्यक्ष सराव करणाऱ्या छात्राध्यापकांना वर्गात सांभाळून घेणारे मार्गदर्शक शिक्षक आणि केंद्रप्रमुख यांना डोळ्यांसमोर ठेवून मी लिहिते आहे. माझं म्हणणं एवढंच आहे की, मुलाच्या चुकीमागचं कारण ऐकू यायला लागलं की वाचन शिकवण्याचं निम्मं प्रशिक्षण झालं. पद्धतींची नावं मागाहून पाठ झाली तरी चालतात.

संशोधन काय सांगतं, कामापुरतं

१९८६ मध्ये गॉफ आणि टनमर यांनी एक साधं सूत्र मांडलं. वाचून कळणं म्हणजे लिपी उलगडता येणं गुणिले ती भाषा ऐकून समजणं. इथे बेरीज नाही, गुणाकार आहे. दोन्हींपैकी एक शून्य असेल तर उत्तर शून्यच येतं. सोलापुरात हे सूत्र रोज भेटतं: एखादी मुलगी मराठी परिच्छेद खडखडीत वाचते आणि त्यातलं तिला काही कळत नाही, शेजारचा मुलगा गोष्ट ऐकून सगळी सांगतो, पण दोन ओळी त्याला वाचता येत नाहीत. दोघं एकाच 'अप्रगत' यादीत असतात. दोघांना लागणारी मदत मात्र अगदी वेगळी आहे.

२००० साली अमेरिकेच्या राष्ट्रीय वाचन समितीचा अहवाल आला. आपण पाठ करतो ते पाच घटक त्यातले आहेत. अक्षर आणि ध्वनी यांचं नातं क्रमाने, उघडपणे शिकवलं तर मुलांना फायदा होतो, हा त्याचा मोठा निष्कर्ष. पण तो पुरावा मुख्यतः इंग्रजीवरचा आहे. इंग्रजीत अक्षरं २६ आणि त्यांचे उच्चार मात्र बेभरवशाचे. आपल्याकडे उच्चार बऱ्यापैकी नेमका, पण चिन्हांचा पसारा मोठा: ३४ व्यंजनं गुणिले बाराखडी म्हणजेच ४०८ रूपं, आणि जोडाक्षरं त्याहून वेगळी. सोनाली नाग यांनी कन्नड शिकणाऱ्या मुलांचा अभ्यास केला. कन्नड-देवनागरीसारख्या अक्षरलिपीत सगळी रूपं आत्मसात व्हायला पहिलीचं एक वर्ष पुरत नाही, ते शिकणं पुढच्या इयत्तांतही चालू राहतं, असं त्यांना दिसलं. म्हणजे 'पहिलीत बाराखडी झाली' असं म्हणून तिसरीत अक्षरशिक्षण थांबवणं पुराव्याला धरून नाही.

मराठीवरही काम झालं आहे. शैलजा मेनन आणि सहकाऱ्यांनी पालघर जिल्ह्यातल्या वाड्यात आणि कर्नाटकातल्या यादगीरमध्ये पहिली ते तिसरी मुलांचा पाठपुरावा केला. वर्गातला बराच वेळ अक्षरं उतरवण्यात आणि सामूहिक म्हणण्यात जातो, अर्थ लावायला आणि मनातलं लिहायला फार थोडी जागा मिळते, हे त्यातून समोर आलं. यादगीर आपल्यापासून फार लांब नाही आणि तिथल्या वर्गाचं वर्णन अक्कलकोटच्या शिक्षकांना ओळखीचं वाटेल.

शिक्षक-प्रशिक्षणाच्या अभ्यासक्रमात अजून भेटणाऱ्या एका गोष्टीबद्दल इथेच सांगते. 'हे मूल दृश्य पद्धतीने शिकतं, ते श्राव्य' अशी वाटणी करून शिकवल्याने शिकणं सुधारतं, याला भक्कम आधार नाही. २००८ मध्ये पॅशलर आणि सहकाऱ्यांनी त्यावरचं संशोधन तपासून हेच सांगितलं. त्या विषयाच्या तासिका खालच्या कामाला द्याव्यात.

पहिली पायरी: आधी छात्राध्यापकांचा कान तयार करा

सहज वाचणाऱ्या माणसाला शब्द अखंड दिसतो, त्यातले ध्वनी सुटे ऐकू येत नाहीत. १९९४ मध्ये लुईसा मोट्स यांनी अमेरिकेतल्या शिक्षकांची चाचणी घेतली, तेव्हा अनुभवी शिक्षकांनाही स्वतःच्या भाषेची ध्वनिरचना नीट सांगता आली नव्हती. आपल्याकडे वेगळं चित्र असेल असं मानू नका. पहिल्याच तासाला 'केळी'त ध्वनी किती ते विचारा. वर्ग 'दोन' म्हणेल. ती अक्षरं झाली. ध्वनी चार आहेत: क्, ए, ळ्, ई. 'कमळ'मध्ये अक्षरं तीन, ध्वनी पाच, कारण शेवटच्या ळ मधला अ आपण उच्चारत नाही.

पहिले दोन आठवडे रोज अर्धा तास याच कामाला द्या. लेखी काही नको, सगळं तोंडी. शब्द पुढच्या क्रमाने घ्या.

सुरुवात लुप्त होणाऱ्या अ पासून करा. 'माकड' म्हणायला सांगा, मग 'माकडाला'. पहिल्या शब्दात क पूर्ण आहे, दुसऱ्यात तो जवळजवळ 'माक्डाला' होतो. 'करतो' आपण 'कर्तो' म्हणतो. लिहिताना यातलं काहीच दिसत नाही. मूल 'करतो'मधलं एकेक अक्षर पूर्ण उच्चारत वाचतं तेव्हा ते लिपीशी प्रामाणिक असतं. बोलीतल्या ओळखीच्या शब्दापर्यंत त्याला पोहोचवणं हे शिक्षकाचं काम.

मग अनुस्वार. आंबा, पंखा, घंटा, पंच, संत. एकच टिंब, पण म्, ङ्, ण्, ञ्, न् असे पाच उच्चार. छात्राध्यापकांनी ते तोंडात जाणवेपर्यंत म्हणावेत. त्यानंतर च आणि ज: 'चार' आणि 'चाक', 'जेवण' आणि 'जागा'. चिन्ह तेच, उच्चार वेगळा. घरी मराठी बोलणाऱ्या मुलाला हा फरक आपोआप येतो. घरी दुसरी भाषा बोलणाऱ्याला तो कुणीतरी ऐकवावा लागतो.

शेवटी डोळा आणि कान जिथे भांडतात त्या जागा. 'दिवा'तली पहिली वेलांटी द च्या आधी दिसते आणि नंतर ऐकू येते. 'सूर्य'मधला र् आधी उच्चारायचा, पण तो बसतो य च्या डोक्यावर. आणि र ची सगळी रूपं: चक्र, ट्रक, सूर्य, दऱ्या. पंधरा दिवसांनी दहा शब्दांची चाचणी घ्या. ज्यांना ध्वनी सुटे करता येत नाहीत त्यांना मुलांसमोर पाठवण्याआधी आणखी एक आठवडा द्या. इथे सवलत नको.

दुसरी पायरी: मुलाच्या घरची भाषा ओळखायला शिकवा

मराठी वाचनावरचं मार्गदर्शन बहुधा असं गृहीत धरतं की मूल मराठी बोलतच शाळेत येतं. सोलापूर शहराच्या पूर्वभागात विणकर कुटुंबांच्या घरात तेलुगू आहे. अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूर तालुक्यांत अनेक घरांत कन्नड आहे. शहरात उर्दू आणि दखनी आहे, बंजारा तांड्यांवर गोरमाटी आहे. गाळप हंगामात ऊसतोड कुटुंबांची मुलं अधेमधे येतात-जातात, त्यांची बोली आणखी वेगळी.

म्हणून आंतरवासिता सुरू होण्याआधी प्रत्येक छात्राध्यापकाने आपल्या शाळेतल्या पहिली-दुसरीच्या मुलांच्या घरच्या भाषांचा तक्ता करावा. मुलाला विचारायचं, 'घरी आईला काय म्हणतोस? पाण्याला काय म्हणतोस?' कुणी कन्नडमध्ये अव्वा आणि नीरु म्हणेल, कुणी तेलुगूत अम्मा आणि नीळ्ळु. या तक्त्याचा उपयोग पुढे प्रत्येक चूक तपासताना होतो.

उदाहरणार्थ, कन्नड आणि तेलुगू शब्द बहुतांशी स्वराने संपतात. त्या घरातलं मूल 'कमळ', 'घर' वाचताना शेवटचा अ ठसठशीत म्हणत असेल तर तो त्याच्या भाषेचा स्वभाव आहे. कान बसायला वेळ द्यायचा, 'चूक' म्हणून लाल खूण करायची नाही. तसंच बोलीचं. माळशिरस-सांगोल्याकडचं एखादं मूल 'पाणी' लिहिलेलं 'पानी' वाचत असेल आणि घरीही तसंच बोलत असेल, तर त्याने तो शब्द बरोबर ओळखला आहे. ण आणि न यांचा वेगळा सराव पुढे लेखनात घेता येईल. वाचनाची चूक आणि बोलीचा उच्चार यांत गल्लत झाली तर मूल उगीचच 'कच्चं' ठरतं. छात्राध्यापकाच्या हातून होणारा हा सर्वांत मोठा अन्याय आहे.

तिसरी पायरी: एक छात्राध्यापक, एक मूल, एक पान

या सगळ्या प्रशिक्षणाचा गाभा हा आहे. चार आठवडे प्रत्येक छात्राध्यापकाने एकाच मुलाचं वाचन आठवड्यातून तीन वेळा ऐकायचं. चाळीस मुलांच्या वर्गासमोर उभं राहणं नंतर. मजकुराच्या दोन प्रती घ्यायच्या: एक मुलाकडे, एक स्वतःकडे. मूल वाचत असताना मधे बोलायचं नाही. चुकीच्या शब्दावर मुलाने जे म्हटलं ते जसंच्या तसं लिहायचं. गाळलेल्या शब्दाखाली रेघ, स्वतःच सुधारला तर 'सु'. हीच वाचन-नोंद.

हा मजकूर बघा:

'मीनाच्या घरी एक शेळी आहे. शेळी रोज माळावर चरायला जाते. काल संध्याकाळी ती परत आलीच नाही. मीना तिला शोधायला निघाली.'

समजा मुलाने वाचलं: 'शेळी रोज माळावर चारायला जाते. काल सकाळी ती परत आलीच नाही.' बाकी सगळं बरोबर. नंतर विचारलं, 'शेळी म्हणजे काय रे?' तर ते गप्प.

छात्राध्यापक लिहितो: 'दोन चुका. सराव हवा.' हे निदान नव्हे. प्रत्येक अडचणीला तीन प्रश्न विचारायला लावा. मुलाने शब्दाचा कुठला भाग बरोबर वाचला? कुठला सोडला? जे वाचलं ते वाक्यात बसतं का?

'सकाळी'मध्ये पहिला स आणि शेवटचं काळी बरोबर आहे. मधलं 'ंध्या' गेलं. मुलाला ध्या हे जोडाक्षर उलगडलं नाही म्हणून त्याने दोन्ही टोकं धरून अंदाज केला. वाक्य व्याकरणाने जुळलं, त्यामुळे त्याला शंकाही आली नाही. यावर उपाय म्हणजे शब्द बोटाने झाकून सं, ध्या, का, ळी असा एकेक भाग उघडत वाचणं, आणि आठवडाभर ध्या असलेले तीन-चार शब्द रोज दोन मिनिटं. 'चरायला'चं 'चारायला' झालं ते काना नसताना लावल्यामुळे. त्याला चर-चार, तर-तार, मर-मार, गळ-गाळ अशा जोड्या हव्यात. 'शेळी' मात्र त्याने अचूक वाचली होती. घरी तो तिला कन्नडमध्ये 'आडु' म्हणतो. तिथे अक्षरांचा सराव करून काही होणार नाही. चित्र दाखवून, घरचा शब्द आणि मराठी शब्द शेजारी ठेवून, त्यावर बोलावं लागेल.

एका परिच्छेदात तीन अडचणी, आणि तिन्हींवर तीन वेगळे उपाय. अशी आठ-दहा पानं झाली की छात्राध्यापक वेगळ्या कानाने ऐकू लागतो.

मूल अडलं की काय म्हणायचं, तेही ठरवून द्या. आधी मनात तीन आकडे मोजून थांबायचं. मग 'पहिलं अक्षर कुठलं? त्याला काय लागलंय?' असं विचारायचं. तरीही नाही आलं तर शब्दाचे भाग करून द्यायचे, जोडायचं मात्र मुलानेच. 'चित्र बघ आणि सांग' हा इशारा लिपी उलगडताना वापरू नका. चित्रावरून अंदाज करायची सवय पहिलीत चालून जाते. चौथीत चित्रं कमी होतात आणि तेव्हा मूल उघडं पडतं.

सुरुवातीला मूल कुठे आहे हे ठरवायला अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट अशी 'असर' या शिक्षण सर्वेक्षणातली चढती मांडणी पुरेशी आहे. २००५ पासून ती देशभर वापरली जाते आणि पाच मिनिटांत होते. पण ती फक्त पायरी दाखवते, त्या पायरीवर मूल का अडलं ते वाचन-नोंदच सांगते.

चौथी पायरी: अक्षरगटाचा वीस मिनिटांचा पाठ

आता चार-पाच मुलांचा गट. अ पासून ज्ञ पर्यंत ओळीने जाण्यात अडचण अशी की बरेच आठवडे एकही वाचण्याजोगं वाक्य तयार होत नाही. फलटणला प्रगत शिक्षण संस्थेत मॅक्सीन बर्नसन यांनी आणि वाड्याकडे क्वेस्ट या संस्थेने निवडक अक्षरं आणि स्वरचिन्हं एकत्र घेऊन लगेच शब्दांकडे जाण्याचा मार्ग रुजवला आहे. फलटण आपल्या माळशिरसला लागूनच आहे; छात्राध्यापकांची एक भेट तिकडे जरूर आखा.

गट छात्राध्यापकांकडूनच तयार करून घ्या, निकष आपण द्या. म, न, ल, र, स यांसारखे लांबवता येणारे ध्वनी आधी, कारण ते जोडायला सोपे. दिसायला जवळची अक्षरं एका गटात नकोत: घ-ध, म-भ, प-ष, ब-व लांब ठेवा. काना पहिल्याच गटात. ङ आणि ञ ची घाई नको. म, क, न, ल, ब, र आणि काना एवढ्यावर काम, कान, नाक, मका, लाल, बाक, मामा, बाबा असे शब्द पहिल्या आठवड्यातच वाचता येतात. 'मामा, मका आण' अजून येणार नाही, पण 'मामा, काम कर' येतं, आणि आपण वाक्य वाचलं याचा मुलाला होणारा आनंद पुढचा महिनाभर पुरतो.

पाठाचा क्रम असा: तीन मिनिटं तोंडी खेळ ('म ने सुरू होणारं काय काय आहे वर्गात?'), चार मिनिटं कालची अक्षरं मिसळून ओळखणं, एक नवं अक्षर किंवा चिन्ह, मग शब्द जोडून वाचणं, त्यातले तीन शब्द ऐकून लिहिणं, आणि शेवटी त्याच अक्षरांची दोन-तीन वाक्यं. ऐकून लिहिणं गाळू नका. वाचताना झाकलेली अडचण लिहिताना उघडी होते.

हा पाठ छात्राध्यापकांना नुसता समजावून सांगू नका. आधी तुम्ही खऱ्या मुलांसमोर घेऊन दाखवा. मग त्यांनी तो एकमेकांवर घ्यावा, एकाने मुद्दाम ठरावीक चुका करणारं मूल व्हावं. मगच वर्ग. जॉइस आणि शॉवर्स १९८० च्या दशकापासून हेच सांगत आले: व्याख्यान आणि प्रात्यक्षिक यांनी माहिती मिळते, पण शिकलेलं वर्गात उतरायला तिथे सोबत राहून मार्गदर्शन करणारं माणूस लागतं.

पाचवी पायरी: अर्थ थांबवून ठेवू नका

'आधी अक्षरं येऊ देत, मग गोष्टी' असा क्रम लावला की सुरुवातीच्या सूत्रातली दुसरी संख्या, म्हणजे भाषा ऐकून समजणं, उपाशी राहते. रोज पंधरा मिनिटं मोठ्याने गोष्ट वाचून दाखवणं पहिल्या दिवसापासून हवं. त्याचंही प्रशिक्षण द्यावं लागतं. गोष्टीतले तीनच शब्द आधी निवडायचे, जे मुलांना नवे आणि पुढे उपयोगी आहेत. दोनच ठिकाणी थांबायचं. 'कोण आलं?' असा प्रश्न मुलं ऐकलेलं वाक्य परत म्हणून सोडवतात. 'ती परत का आली नसेल?' याला विचार करावा लागतो. कन्नड किंवा तेलुगूत उत्तर आलं तर ते घ्या, शेजारच्या मुलाला मराठीत सांगायला लावा. गड्ड्याची जत्रा, हुरडा, आजोळची एसटी यांवर मुलांनी सांगितलेली वाक्यं फळ्यावर लिहा आणि तीच वाचायला द्या. बोललेलंच लिहिलं जातं, हे कळायला यापेक्षा सरळ वाट मला माहीत नाही.

ओघासाठी ओळखीचा छोटा मजकूर तीन-चार दिवस पुन्हा पुन्हा वाचणं पुरेसं आहे. निपुण भारत या केंद्र सरकारच्या पायाभूत साक्षरता अभियानात दुसरीसाठी मिनिटाला ४५ ते ६० शब्द असं लक्ष्य आहे. ते माहीत असावं, पण 'शोधायला', 'माळावर', 'संध्याकाळी' असे प्रत्यय लागलेले लांब शब्द मराठीत पदोपदी येतात. घड्याळ लावून मुलाला पळवण्याने वेग दिसतो, समज हरवते. महिन्यातून एकदा मोजा, त्याहून जास्त नको.

सहावी पायरी: पाठानंतरची दहा मिनिटं

पाठ निरीक्षणानंतर 'फलक लेखन छान, आवाज थोडा वाढव' असे शेरे देण्याची आपली सवय जुनी आहे. त्याऐवजी पाठ संपल्यावर वाचन-नोंदीचं पान समोर ठेवून दहा मिनिटं बोला. असं संभाषण व्हायला हवं:

'आज काय ऐकू आलं तुला?'

'मॅडम, तो खूप चुकतो. लक्षच नसतं त्याचं.'

'पान काढ. कुठले शब्द चुकले?'

'प्रवासला परवास म्हणाला. चक्रला चकर. सूर्यला सुरय.'

'तिन्हींत सारखं काय आहे?'

'...र. जोडाक्षरातला र.'

'आणि घर, रान, बारा?'

'ते बरोबर वाचतो.'

'मग लक्ष नसतं म्हणायचं का?'

'नाही मॅडम. र ची ती रूपं त्याला ओळखता येत नाहीत.'

'असेल. पण बोलतानाही तो परवासच म्हणतो का?'

'ते बघितलं नाही.'

'उद्या आधी ते बघ. मग ठरव.'

निष्कर्ष तिच्याकडून काढून घ्यायचा आणि शेवटी एक तपासण्याजोगी गोष्ट हातात द्यायची. एका वेळी एकच.

मूल्यमापनही त्याच दिशेने न्या. सजवलेली पाठ टाचणं आणि शैक्षणिक साहित्याची प्रदर्शनं यांना गुण कमी करा. त्याजागी तीन गोष्टी मागा: एका मुलाच्या चार आठवड्यांच्या वाचन-नोंदी, त्यावरून ठरवलेली कृती, आणि महिन्यानंतर त्याच मुलाने वाचलेलं नवं पान. तोंडी परीक्षेत एखाद्या मुलाचं ध्वनिमुद्रित वाचन ऐकवा आणि विचारा, 'उद्या सकाळी या मुलाबरोबर पहिली दहा मिनिटं काय करशील?'

प्रत्यक्ष आखणीत अडचणी येतील. चाळीस छात्राध्यापकांना एकट्या प्राध्यापकाने ऐकणं शक्य नाही. सराव शाळांतल्या दोन-दोन मार्गदर्शक शिक्षकांना पहिल्या पायरीच्या तासिकांना बोलवा, वेळापूरच्या जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेच्या वार्षिक नियोजनात हा विषय घालता येतो का ते बघा, केंद्राच्या शिक्षण परिषदेत वाचन-नोंदीचं एक पान चर्चेला ठेवा. शाळा निवडताना एक पूर्वभागातली आणि एक कर्नाटक सीमेजवळची असू द्या. एखादं मूल पुस्तक फार जवळ धरत असेल किंवा सारखं 'काय?' विचारत असेल, तर सराव वाढवण्याआधी वर्गशिक्षकांमार्फत डोळे आणि कान तपासून घ्या. आणि आंतरवासिता संपताना नोंदींची फाइल विद्यालयात आणून गुणांसाठी जमा करण्यापूर्वी तिची एक प्रत वर्गशिक्षकांच्या हातात द्यायला सांगा. कुठलं मूल कुठल्या अक्षरावर आहे आणि पुढे काय घ्यायचं, हे त्यात तारीखवार लिहिलेलं हवं.